शेजारच्या बाकावर दुःख बसलेलं असताना उपकारस्तुती कशी करायची?

नगरची_माहेरवाशीण | ६ ऑक्टोबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक होईल, पण वाचा.

ऑगस्टमध्ये माझ्या नवऱ्याला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स अकरा हजारांवर आल्या आणि नऊ दिवस ते आयसीयूत होते. आता घरी आहेत, कामावर जाऊ लागलेत, दोन पोळ्यांच्या तीन झाल्यात. संकट टळलं की रविवारच्या उपासनेत उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, उपकारस्तुतीचं, म्हणजे देवाचे आभार मानण्याचं, पाकीट अर्पणाच्या थाळीत टाकायचं, आणि ऐपत असेल तर मंडळीला, म्हणजे चर्चच्या सगळ्यांना, जेवू घालायचं, अशी आमच्या ख्रिस्ती लोकांची पद्धत. पाळकसाहेबांनी (आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी) आम्हाला १९ तारखेचा रविवार दिलाय.

त्या नऊ दिवसांत आमच्याच मंडळीतली एक बाई माझ्या शेजारी त्याच कॉरिडॉरमध्ये होती. तिचा मुलगा आत होता. वय एकोणीस, आजार तोच. आम्ही दोघी एका चटईवर झोपलो. तिच्या डब्यातली मुगाची खिचडी मी खाल्ली, माझ्या थर्मासमधला चहा ती प्यायली. एकाच देवाकडे आम्ही जवळपास त्याच शब्दांत मागत होतो. सातव्या दिवशी पहाटे तिचा मुलगा गेला. नवव्या दिवशी माझ्या नवऱ्याला साध्या वॉर्डात आणलं.

ती दर रविवारी येते. डावीकडे तिसऱ्या बाकावर बसते. तिच्यासमोर माईक हातात घेऊन मी काय म्हणू? "देवानं माझी प्रार्थना ऐकली"? मग तिची?

उपकारस्तुती माझ्या हाडात आहे. लहानपणी रात्री निजायच्या आधी आई आम्हा चौघांना ओळीनं बसवायची आणि दिवसभरातला एकेक उपकार सांगायला लावायची. कालचा आज चालायचा नाही. भाऊ एकदा म्हणाला, "आज शेवग्याची भाजी नव्हती," तर आईनं तोही मान्य केला. पगार तुटपुंजा, घर पत्र्याचं, पण ते घर सुखी होतं आणि त्या सुखाचं मूळ त्या ओळीत बसण्यात होतं असं मला आजही वाटतं. म्हणून उपकारस्तुती टाळणं मला जमणार नाही. आणि करायला गेले की ती बाई डोळ्यांसमोर येते.

काय करावं?

---

सुकेळीवाला | ६ ऑक्टोबर, रात्री १०:४०

ताई, यजमानांना उदंड आयुष्य लाभो. आणि त्या माउलीला कुणीतरी रोज भेटत असू दे. विचार करून उद्या लिहितो, घाईत लिहिण्याचा विषय नाही.

---

प्रश्नचिन्ह | ६ ऑक्टोबर, रात्री ११:०५

मी देव मानत नाही. तरी तुम्हाला दुखवायचं नाही, म्हणून जपून लिहितो.

तुमची अडचण "प्रार्थना ऐकली" या वाक्यातून आली आहे. तुमचे यजमान वाचले ते सलाईन, रक्तपेढी, ड्यूटीवरचे डॉक्टर आणि त्यांच्या शरीराची साथ यांमुळे. तो मुलगा गेला कारण काही रुग्णांमध्ये हा आजार सगळे उपाय करूनही आवरत नाही. इतकंच मानलं तर त्या आईपुढे तुम्हाला अवघडायला होणार नाही. आभार मानायचे तर त्या वॉर्डातल्या माणसांचे माना.

---

परिचारिका_आहे | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

रात्रपाळीवरून आत्ताच आले आणि हा धागा दिसला.

बावीस वर्षं वॉर्डात आहे. बरे होऊन गेलेले लोक परत येत नाहीत, आणि त्याचा मला राग नाही. ज्या कॉरिडॉरमध्ये माणूस नऊ रात्री जागतो तिथे पुन्हा पाऊल ठेवायला त्याचे पाय धजत नाहीत. पण कधीतरी कुणी येतं. एक शेतकरी अकरा महिन्यांनी पिशवीभर वांगी घेऊन आला होता. त्याचा चेहरा मी विसरले होते, बेड नंबर सांगितल्यावर ओळखलं. ती वांगी आम्ही सगळ्या जणींनी वाटून घेतली आणि तो आठवडाभर वॉर्डात आमचे आवाज मऊ होते.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १७व्या अध्यायात, दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. त्यातल्या नऊ जणांना आपण उपदेशात फार झोडपतो. येशूनं त्यांना सांगितलं होतं, जाऊन याजकांना, म्हणजे मंदिरातल्या पुरोहितांना, दाखवा. ते सांगितल्याप्रमाणे गेले. बरेही झाले, आणि ते परत आले नाहीत म्हणून देवानं त्यांचं बरेपण काढून घेतलं नाही. एक परतला, तोही शोमरोनी, यहूदी ज्यांना परके समजत त्यांच्यातला. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशूनं विचारलं. मला तो प्रश्न रागाचा कधी वाटला नाही. वाट पाहणाऱ्याचा वाटतो.

@प्रश्नचिन्ह, देव आणि नर्स यांच्यात श्रेयाची वाटणी करायची गरज नाही. मी सुई टोचते तेव्हा प्रार्थनाही करते.

ताई, १९ तारखेच्या आधी एकदा त्या वॉर्डात जाऊन या.

---

विजयी_जीवन | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

प्रेझ द लॉर्ड! ताई, सैतानच तुमच्या मनात ही भीती घालतोय. साक्षीनं मंडळीचा विश्वास वाढतो. धैर्यानं उभ्या राहा. मी स्वतः अनुभवलंय, मिळायच्या आधीच आभार मानायला लागलो आणि देवानं नोकरी, फ्लॅट, सगळं दुपटीनं दिलं. उपकारस्तुती ही किल्ली आहे. जो मानतो त्याला आणखी मिळतं.

---

परिचारिका_आहे | ७ ऑक्टोबर, सकाळी ९:५०

भाऊ, तुमचा आनंद खरा आहे, पण हे वाक्य त्या आईच्या कानावर पडलं तर काय होईल याचा विचार करा. किल्ली फिरवली की कुलूप उघडतं असं असेल, तर तिनं किल्ली नीट फिरवली नाही असा अर्थ होतो. आमच्या वॉर्डात एका आईला तिच्या नात्यातल्या माणसानं अगदी हेच ऐकवलं होतं, "विश्वास कमी पडला." तिनं पुढे चार महिने चर्चचं तोंड पाहिलं नाही.

---

पाळकांचा_मुलगा | ७ ऑक्टोबर, दुपारी २:२०

@परिचारिका_आहे +१

माझे वडील खेडोपाडी पाळक होते. बायबलमधल्या, पौलानं लिहिलेल्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा" हे वचन आमच्या घरी कॅलेंडरवर कायम असायचं. वडील शिकवायचे की पौलानं "स्थितीत" म्हटलंय, "स्थितीबद्दल" नाही. मुलगा गेला याबद्दल उपकार मान, असं देव कुणालाही सांगत नाही. त्या काळोखातही तू माझ्याशी बोलत राहा, एवढंच सांगतो.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. इफिसकरांच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, "सर्व गोष्टींबद्दल" असंही आहे. त्यावर मी वडिलांना एकदा अडवलं होतं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ते वचन माणसानं स्वतःला सांगायचं असतं, दुसऱ्याला नाही." त्यांनी शेकडो अंत्यविधी केले, पण हे वचन एकाही कबरीपाशी वाचलं नाही.

आता ताईंच्या प्रश्नाकडे. लूकच्या १८व्या अध्यायात परुशी (धर्मनियम कडक पाळणारा) आणि जकातदार (लोक ज्याला पापी समजत असा करवसुलीवाला) मंदिरात जातात. परुश्याच्या प्रार्थनेची सुरुवात उपकारस्तुतीनंच होते! "इतर माणसांसारखा मी नाही म्हणून तुझे आभार मानतो." शब्द उपकाराचे आहेत, पण नजर देवाकडे नाही, शेजारच्यावर आहे. तुमची साक्ष शेजारच्या बाकावरच्या नुकसानीवर उभी नसावी एवढी एकच परीक्षा मी लावेन. "इतके लोक गेले पण देवानं आम्हाला वाचवलं" हे वाक्य आपल्या साक्षींमध्ये सर्रास येतं. ते बंद व्हायला हवं.

---

तळेगावची_काकू | ७ ऑक्टोबर, दुपारी ४:००

मी ख्रिस्ती नाही, शेजारी आहेत, त्यांच्याकडच्या भक्तीला जाऊन जेवून आलेली आहे. मला कायम कुतूहल वाटत आलंय ते तुमच्या शब्दाचं. आमच्या बोलण्यात "उपकार" म्हटलं की ओझं. "त्यांचे उपकार आहेत आमच्यावर" हे मान खाली घालून म्हणायचं वाक्य. उपकार फेडावे लागतात, कुणी ते काढून दाखवतं, आणि "उपकार नको करूस" हे तर भांडणातलं. तुम्ही त्यालाच "स्तुती" जोडून गाणं करता, हे कसं?

आणि घरात तर आपण आभार मानतच नाही. आईला कोण थँक्यू म्हणतं? "बरं झालं बाई आलीस" एवढं म्हटलं की झालं. तरी तुकोबांनी संतांचे उपकार मानले आहेत, आपल्याला सतत जागं ठेवतात म्हणून. तिथे उपकाराचं ओझं दिसत नाही खरं.

---

शेवगाव_एक्सप्रेस | ७ ऑक्टोबर, रात्री ९:३०

काकू, तुमच्या प्रश्नाला माझ्या आज्याचं उत्तर आहे, म्हणून लिहायला बसलो. एरवी फक्त वाचतो.

नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ ला सुरू झालं. पुढे ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य महार आणि मांग समाजातले, आमचं घर त्यांतलंच. आज्याच्या लहानपणी गावकीची कामं असायची. मेलेली जनावरं ओढायची, सांगावे पोचवायचे, आणि संध्याकाळी दारोदार फिरून भाकरीचे तुकडे आणायचे. दिवसभर राबून कमावलेली ती भाकर, पण हातात पडायची ती उपकार म्हणून. वरून "जोहार मायबाप" म्हणावं लागे. पाटलाचे उपकार, सावकाराचे उपकार. आजा म्हणायचा, "आपल्या घामाची भाकर लोकांचा उपकार म्हणून खावी लागायची, त्याच्यासारखी कडू भाकर नाही."

मग तो देवळात (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणत) उपकारस्तुती गायला लागला. तो सांगायचा, "तिथं कळलं की उपकार एकाचेच. ज्यानं पाऊस दिला त्याचे. त्याच्यापुढं पाटीलबी हात पसरतो, मीबी पसरतो." त्या दिवसापासून त्यानं माणसापुढे मान खाली घातली नाही. मजुरी मागताना ती हक्कानं मागितली. काकू, ओझं उतरलं म्हणून गाणं आलं.

म्हणून कुणी गरिबाला, बाईला, कामगाराला "आहे त्यात समाधान मान, उपकार मान" असं शिकवू लागलं की मी चिडतो. मजुरी बुडवणाऱ्याचे उपकार मानायला बायबलात कुठेही सांगितलेलं नाही. याकोबाच्या पत्रात तर बुडवलेली मजुरीच ओरडते, आणि ती हाक देवाच्या कानी जाते.

---

तळेगावची_काकू | ७ ऑक्टोबर, रात्री १०:१०

वाचून गप्प बसले होते. तुमच्या आज्यांना माझा नमस्कार.

तुमचं वाचताना पंडिता रमाबाई आठवल्या. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण गेली. आणि १८९६-९७च्या दुष्काळात हीच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा गोळा करून आणते, त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहतं. स्वतः वाचल्याची कृतज्ञता अशीही असू शकते. 

---

मनाचा_अभ्यास | ८ ऑक्टोबर, सकाळी ११:००

मानसशास्त्र शिकवते. सुखाचा मुद्दा निघालाच आहे तर थोडी भर घालते.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या दोघांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटानं दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञता वाटेल अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्यानं कटकटी लिहिल्या, तिसऱ्यानं नुसत्या घटना. पहिल्या गटाला आपलं आयुष्य अधिक बरं वाटू लागलं. त्याच कामात स्नायू आणि मज्जातंतूंच्या दीर्घ आजाराच्या रुग्णांवरही प्रयोग होता. त्यांनी २१ दिवस रोज नोंदी केल्या. आजार तसाच राहिला, पण मन उभारीवर आलं आणि झोप सुधारली. म्हणजे ताईंच्या आईनं चार मुलांना ओळीत बसवून जे केलं ते संशोधकांच्या आधी कितीतरी वर्षं. "कालचा चालणार नाही" हा नियम तर विशेष. तेच तेच लिहिलं की मन त्याकडे पाहीनासं होतं.

पुढच्या अभ्यासांनी हा परिणाम खरा पण माफक असल्याचंही दाखवलंय. जादू नाही.

या धाग्याशी जोडलेली एक गोष्ट. २००३च्या त्या कामात एका गटाला वेगळं सांगितलं होतं: इतरांपेक्षा आपण कुठे बरे आहोत ते लिहा. म्हणजे तुलना वेगळी आणि कृतज्ञता वेगळी, हे संशोधकांनीही धरलं होतं. @पाळकांचा_मुलगा यांच्या परुश्यापाशीच आपण येतो.

---

प्रश्नचिन्ह | ८ ऑक्टोबर, दुपारी १:३०

@शेवगाव_एक्सप्रेस, तुमच्या प्रतिसादानं मला माझं मत थोडं हलवावं लागलं. धर्मातली कृतज्ञता माणसाला दबून राहायला शिकवते असं मी धरून चाललो होतो. तुमच्या आज्यांना तिनं ताठ उभं केलं.

एक मात्र मान्य करतो. माझी मुलगी जन्मली त्या रात्री दवाखान्याच्या गच्चीवर उभा होतो आणि कुणाचे तरी आभार मानावेत असं आतून आलं. डॉक्टरांचे मानून झाले होते. तरी उरलं होतं. ते उरलेलं कुठे ठेवायचं हे मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही.

---

सुकेळीवाला | ८ ऑक्टोबर, रात्री ९:००

@प्रश्नचिन्ह, ते उरलेलं जपा. माझा सगळा धर्म त्या उरलेल्यातच आहे.

ताई, परवा "उद्या लिहितो" म्हणालो होतो, उशीर झाला. मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करणारी उपासना, हाच उपकारस्तुतीचा विधी. त्याचं मूळ ग्रीक नाव युखारिस्तिया, अर्थच आभार मानणं. आता वेळ बघा. येशूनं भाकर हातात घेऊन आभार मानले ते कोणत्या रात्री? ज्या रात्री त्याला धरून देण्यात आलं त्या रात्री. धरून देणारा त्याच पंगतीला होता. पुढे काय होणार हे त्याला माहीत होतं. ख्रिस्ती उपकारस्तुतीचा उगम सगळं चांगलं झाल्यानंतरच्या दिवसातला नाही. त्या आईसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे.

लोयोळाच्या संत इग्नासनं रोजच्या आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली त्यातली पहिली पायरी आभाराची, पापांची उजळणी नंतर. आमचे एक वृद्ध फादर सांगायचे, आधी दिवा लावा मग घर झाडा, अंधारात झाडलं तर कचराच पसरतो.

पण उपकारस्तुतीच्या जोडीनं विलापालाही जागा हवी. स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र काढून वाचा. शेवटपर्यंत उजेड येत नाही, अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी त्याच्या शेवटी "तरीपण हालेलूया" जोडलं नाही. तुमच्या मंडळीत साक्षीला माईक मिळतो. विलापाला मिळतो का? मिळत नसेल तर ती माउली दर रविवारी अर्ध्याच उपासनेला बसते आहे.

---

विजयी_जीवन | ८ ऑक्टोबर, रात्री ९:४५

मी माझा कालचा प्रतिसाद पुन्हा वाचला. मिळालेल्याबद्दल देवाचं नाव घेणं मी सोडणार नाही, कारण मी खरोखर खालून वर आलोय. पण "किल्ली" हा शब्द चुकला. ताई, माफ करा. त्या भगिनीसाठी प्रार्थना करतो आहे.

---

कांदा_उत्पादक | ९ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

रामराम आणि जय ख्रिस्त. इथं शिकलेले लोक बोलतायत, मी शेतातलं सांगतो.

आमच्या गावी हंगामाचा सण असतो. शेतातलं जे येईल ते देवळात आणायचं. बाजरीची कणसं, भुईमूग, कोंबडी, अंडी, भोपळा. उपासना झाली की बाहेर लिंबाखाली लिलाव. एक अंडं पाचशेला जातं, घेणारा ते परत देतो, पुन्हा लिलाव. पोरं ओरडतात, म्हातारे हसतात. त्या दिवशी गावात गरीब-श्रीमंत कळत नाही.

एका वर्षी सणाच्या आधी गारा पडल्या. अर्धा तास. कांदा गेला, रोपंही गेली. मी म्हटलं, यंदा देवळात जायचं नाही. कशाबद्दल जायचं? आई काही बोलली नाही. घरामागं धुण्याभांड्याच्या पाण्यावर तिनं शेपू लावला होता, त्याच्या दोन जुड्या पदराखाली घेतल्या आणि चालत गेली. त्या जुड्या सातशे रुपयाला गेल्या. मला फार राग आला, वाटलं देवापुढं लाचारी केली हिनं.

त्या रात्री आई शांत झोपली. मी जागा होतो. अजूनही सगळं समजलंय असं म्हणणार नाही. पण हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकात शेवटी आहे ना, अंजीर फुललं नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. ते वाचलं की मला शेपूचा वास येतो.

---

नगरची_माहेरवाशीण | ९ ऑक्टोबर, रात्री ११:२०

सगळं दोनदा वाचलं. @कांदा_उत्पादक दादा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला, त्यांना पुढचं ऐकवेना.

@सुकेळीवाला, विलापाला माईक मिळत नाही. तुम्ही म्हणालात तेव्हा लक्षात आलं.

माझ्या मनात आता असं आहे की साक्ष पुढे ढकलावी, वर्षभरानं द्यावी.

---

बर्फातली_भाकरी | १० ऑक्टोबर, पहाटे ४:५०

मी अमेरिकेत असते. इथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं. ताई, तुमचा प्रश्न इथे राष्ट्रीय पातळीवर आहे, म्हणून लिहिते.

१६२० मध्ये जे १०२ प्रवासी जहाजातून प्लिमथला आले त्यांतले जवळपास निम्मे पहिल्या हिवाळ्यात मेले. १६२१च्या शरद ऋतूत पीक आल्यावर ते तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांसोबत जेवले. म्हणजे त्या पंगतीला बसलेल्या बहुतेक घरांतलं कुणीतरी गेलेलं होतं. आणि थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी, १९७० पासून, प्लिमथमध्ये मूळ रहिवासी एकत्र येऊन शोकदिन पाळतात, कारण त्यांच्या पूर्वजांनी पुढे जे गमावलं त्याची आठवण त्या सणात कुणी काढत नव्हतं. माझ्या चर्चच्या बाई पाळक त्या दिवशीच्या प्रार्थनेत दोन्हींचा उच्चार करतात. पहिल्या वर्षी मला ते खटकलं होतं, सणाच्या दिवशी कशाला असं वाटलं. आता त्याशिवायचं जेवण मला अपुरं वाटतं.

पुढे ढकलू नका. वर्षभरानं ती बाई तुम्हाला "मला टाळलंत" म्हणेल.

---

पाळकांचा_मुलगा | १० ऑक्टोबर, सकाळी १०:३०

@बर्फातली_भाकरी यांच्याशी सहमत. जेवणाचा विषय निघालाय म्हणून एक. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या सातव्या अध्यायात उपकारस्तुतीच्या यज्ञाचा नियम आहे: ते मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचं, सकाळपर्यंत काही उरू द्यायचं नाही. एवढं मांस एका घराला एका दिवसात कसं संपणार? म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवावंच लागणार. उपकारस्तुती एकट्यानं उरकता येऊ नये अशीच ती आखलेली आहे. आपल्या भक्तीनंतरच्या जेवणाला मी याच नजरेनं बघतो.

आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १२व्या अध्यायात "आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा" ही दोन वाक्यं एकाच वचनात आहेत. पौलानं दोन वेगळे रविवार दिलेले नाहीत.

---

परिचारिका_आहे | १० ऑक्टोबर, रात्री ८:००

ताई, आपण सगळे त्या आईविषयी बोलतोय. तिला कुणी विचारलंय का?

---

नगरची_माहेरवाशीण | १० ऑक्टोबर, रात्री ८:२५

नाही. हिंमत होत नाही.

---

शेवगाव_एक्सप्रेस | १० ऑक्टोबर, रात्री ८:४०

तिच्या डब्यातली खिचडी खाल्लीत ना. डबा परत करायला जा.

---

नगरची_माहेरवाशीण | २० ऑक्टोबर, रात्री ९:५०

काल रविवार झाला. सांगते.

गुरुवारी संध्याकाळी मुगाची खिचडी करून तिच्याकडे गेले. तिनं डबा उघडून पाहिला आणि झाकण लावलं. बराच वेळ आम्ही फॅनखाली बसलो. मग मी विचारलं, "रविवारी मी उभी राहू का? नको म्हणालीस तर नाही राहणार." ती लगेच काही बोलली नाही. दाराकडे बघत होती. मग म्हणाली, "राहा. पण त्याचं नाव घे. सगळे घाबरतात आता त्याचं नाव घ्यायला. दोन महिने झाले, घराबाहेर कुणाच्या तोंडून ऐकलं नाही."

पाळकसाहेबांशी बोलले. त्यांनी ८८वं स्तोत्र वाचायला परवानगी दिली. ते स्वतः वाचणार होते, पण शेवटी तिच्या दिरांनी वाचलं. वाचून झाल्यावर पेटी वाजली नाही, मिनिटभर सगळे तसेच बसून राहिले. मग मी उभी राहिले. मी "देवानं माझी प्रार्थना ऐकली" असं म्हटलं नाही. आम्ही दोघी एका चटईवर होतो हे सांगितलं. नवरा परत मिळाला म्हणून देवाचे उपकार मानले, सिस्टर लोकांचे मानले, तिच्या खिचडीचे मानले. आणि त्या मुलाचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. तो आमच्या तरुण संघात ढोलकी वाजवायचा हे सांगितलं. माझा आवाज तिथे फुटला, पुढचं लिहून नेलेलं वाचता आलं नाही.

नंतर १३६वं स्तोत्र आळीपाळीनं झालं. पाळकसाहेब एक ओळ म्हणणार आणि आपण सगळ्यांनी "कारण त्याची दया सनातन आहे" म्हणायचं, सव्वीस वेळा. मी तिच्या बाकावर जाऊन बसले होते. तिनं एकदाही म्हटलं नाही. मी तिच्याकडे पाहिलं नाही, माझं म्हणत राहिले.

जेवणाला ती थांबेल असं वाटलं नव्हतं. मी मागे भात काढत होते तर ती स्वयंपाकाच्या बाजूनं आत आली, पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "हा पुरायचा नाही. आणखी एक चढव." मग पदर खोचून वाढायला उभी राहिली.

---

परिचारिका_आहे | २० ऑक्टोबर, रात्री १०:१५

आणि वॉर्ड?

---

नगरची_माहेरवाशीण | २० ऑक्टोबर, रात्री १०:२०

शनिवारी आम्ही दोघं गेलो, चिवडा घेऊन. ज्या सिस्टरांनी आमच्यासाठी सर्वात जास्त केलं त्या रात्रपाळीला होत्या, भेटल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार. तीही येते म्हणाली आहे, पण लिफ्टपर्यंतच.

---

कांदा_उत्पादक | २१ ऑक्टोबर, सकाळी ५:४५

आमचा हंगामाचा सण पुढच्या महिन्यात आहे. तुम्ही दोघीही या. आई म्हणते, शेपू लावलाय.